आभाळ घडवणारे हात आणि आभाळाची मालकी

नाताळ जवळ आला की केजसारख्या तालुक्याच्या गावातही एखाद्या ख्रिस्ती घराच्या दारात बांबूच्या कामट्यांची, पतंगी कागदाची चांदणी लागते. वैशाख पौर्णिमेला आमच्या बौद्ध वस्तीत याच कामट्या, हाच कागद आणि हीच खळ वापरून कंदील तयार होतात. हात तेच असतात. पुष्कळदा भावकीही तीच असते. मराठवाड्यात आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात एका भावाचे घर बौद्ध आणि दुसऱ्याचे ख्रिस्ती, अशी कुटुंबे काही नवी नाहीत.

चांदणीबरोबर गव्हाणीचा देखावा येतो. खाली माती, गवत, मेंढरे आणि वर निळा कागद ताणून केलेले आभाळ, त्यात चमकीचे तारे. पाहणाऱ्या पोराला कळते की हा देखावा आहे. पण जगात अशीही श्रद्धाळू माणसे होऊन गेली आणि आजही आहेत, ज्यांच्या लेखी हा नुसता देखावा नसतो. त्यांच्या मते जग खरोखरच असे आहे : खाली खांबांवर टेकलेली जमीन, वर घट्ट आभाळाचे झाकण, त्या झाकणावर पाणी आणि त्याच्याही वर देवाचे आसन. ही श्रद्धा त्यांनी लाकडात, कापडात, धातूत आणि कागदावर घडवून दाखवली. आपण विज्ञाननिष्ठ चळवळीची माणसे, तेव्हा हे ऐकून चटकन हसू येते. पण हसण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. विश्वाचे चित्र कोणाच्या हातांनी घडते? आणि त्या चित्राचा मालक कोण ठरतो?

फार लांब जायला नको. केजच्या शेजारी अंबाजोगाई आहे. तिथे दासोपंतांची पासोडी आजही जपून ठेवलेली आहे. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले. सुमारे चाळीस फूट लांबीच्या जाड्याभरड्या कापडावर त्यांनी शाईने पंचीकरण लिहिले आणि आकृत्या काढल्या. पंचमहाभूतांपासून देह आणि सृष्टी कशी बनली, याची ती मांडणी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या पासोडीचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण एवढे लांब, एवढे टिकाऊ कापड विणले कोणी? सूत कातले कोणी? चारशे वर्षे शाई धरून ठेवणाऱ्या त्या धाग्याच्या धन्याचे नाव इतिहासाने ठेवले नाही. सृष्टीचे चित्र ज्याच्या कापडावर उमटले, तो विणकर सृष्टीच्या चर्चेत कुठेच नाही. या देशात कारागिराच्या वाट्याला नेमके हेच आले आहे.

आता बायबलातल्या विश्वाकडे पाहू. उत्पत्तीच्या पुस्तकात देव पाणी दुभागतो आणि मध्ये जे उभे करतो, त्याला मराठी बायबलात ‘अंतराळ’ म्हटले आहे. अंतराळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोकळी येते. मूळ हिब्रू शब्द मात्र ‘राकिया’ आहे आणि तो ज्या धातूवरून आला, त्याचा अर्थ ठोकून पातळ करणे असा होतो. पुढे निर्गमच्या पुस्तकात सोने ठोकून त्याचे पातळ पत्रे केल्याचे वर्णन आहे, तिथे हेच क्रियापद येते. म्हणजे त्या जुन्या माणसाला आभाळ कसे दिसले? एखाद्या तांबटाने ऐरणीवर ठोकून ठोकून घमेले काढावे तसे! ईयोबाच्या पुस्तकात आभाळाची तुलना ओतीव धातूच्या आरशाशी केली आहे. यशयाच्या पुस्तकात देव आभाळ तंबूसारखे ताणतो. पृथ्वीचा पाया घालताना दोरी लावून माप घेतले जाते, जसे गवंडी घेतो. पहिला माणूस मातीतून घडतो, आणि त्या घडवण्यासाठी जे क्रियापद आले आहे ते कुंभाराच्या कामाचे आहे.

सगळ्यांत मोठी गोष्ट पुढेच आहे. आदाम आणि हव्वा यांना बागेबाहेर काढण्यापूर्वी देव त्यांना कातड्याची वस्त्रे करून घालतो. थांबून विचार करा. विश्वाचा कर्ता स्वतः कातडे हाताळतो! ज्या देशात कातडे कमावणाऱ्याची सावलीही चालत नव्हती, मेलेले ढोर ओढणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवले जात होते, त्या देशात ही गोष्ट ऐकणाऱ्या आपल्या पूर्वजांना काय वाटले असेल? पुढे ज्याला ख्रिस्त मानले गेले, तो तर सुताराच्या घरचा. हे विश्वचित्र विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही, हे उघड आहे. पण ते कष्टकऱ्याच्या शब्दांत सांगितलेले आहे. त्यातला देव काम करतो, त्याचे हात मळतात आणि सातव्या दिवशी तो विसावा घेतो.

याच्या शेजारी ऋग्वेदातले पुरुषसूक्त ठेवा. तिथेही सृष्टीची उत्पत्ती आहे. पण तिथे घडवणे नाही, कापणे आहे. पुरुषाचा बळी देऊन त्याचे तुकडे होतात. मुखाचा ब्राह्मण, बाहूंचा राजन्य, मांड्यांचा वैश्य आणि पायांचा शूद्र. अतिशूद्राला तर या विश्वाच्या देहात जागाच नाही. सृष्टीची गोष्ट ही केवळ करमणुकीची गोष्ट नसते. कोणी वर बसायचे आणि कोणी ओझे वाहायचे, हे त्या गोष्टीच्या आधाराने ठरते. ज्याच्या हाती सृष्टीची गोष्ट, त्याच्या हाती गावाची रचना!

हे पहिल्यांदा कोणी नेमके ओळखले असेल, तर महात्मा जोतीराव फुले यांनी. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ब्रह्माच्या मुखातून आणि पायांतून माणसे जन्मली, या कथेची शारीरिक तपासणीच केली. चार ठिकाणांहून प्रसूती झाली असेल तर बाकीचे देहधर्म त्या चार ठिकाणी कसे सांभाळले, असा सरळ शेतकरी प्रश्न त्यांनी विचारला. आणि मग सगळ्यांना एकसारखे निर्माण करणाऱ्यासाठी त्यांनी जो शब्द योजला, तो आहे ‘निर्मिक’. ईश्वर नाही, प्रभू नाही, तर निर्माण करणारा, घडवणारा. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकाचा कणाच हा निर्मिक आहे. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पण एकाच कारागिराने घडवलेल्या मडक्यांत उच्चनीच कसे असेल, हा विचार त्यांनी या मातीत रुजवला. त्यांच्याच शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई साळवे या मातंग मुलीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रात मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि आम्हाला धर्म कोणता, हा प्रश्न उभ्या महाराष्ट्राला विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर मिळायला शंभर वर्षे लागली.

बायबलाचे विश्व हातांनी घडवून दाखवण्याची परंपरा बायबलातच सुरू होते. निर्गमच्या पुस्तकात देवाचा निवासमंडप उभारायचा असतो. बसालेल आणि अहलियाब या दोन कारागिरांना नावानिशी बोलावले जाते. बायका सूत कातून आणतात, शेळ्यांच्या केसांचे पडदे होतात, मेंढ्यांची लाल रंगवलेली कातडी वर घातली जाते. लक्षात घ्या, तिथे कारागिराचे नाव लिहून ठेवले आहे! आपल्या पासोडीच्या विणकराला जे मिळाले नाही, ते बसालेलला मिळाले.

या मंडपाची गंमत पुढे घडली, आणि तिचा धागा थेट महाराष्ट्राला येऊन मिळतो. सहाव्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात कॉस्मास नावाचा ख्रिस्ती व्यापारी होता. पुढे तो साधू झाला. इ.स. ५५० च्या सुमारास त्याने विश्वाच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला. मोशेचा निवासमंडप ही विश्वाचीच प्रतिकृती आहे, असा त्याचा दावा होता. म्हणून पृथ्वी लांबट चौकोनी, लांबी रुंदीच्या दुप्पट. वर कमानीच्या झाकणाची पेटी असावी तसे आकाश. उत्तरेला उंच पर्वत, त्याच्या मागे सूर्य गेला की रात्र. आपल्या आजीच्या कपड्यालत्त्याच्या लाकडी पेटीसारखे विश्व! त्याच्या ग्रंथाच्या जुन्या हस्तलिखितांत या पेटीची चित्रे आहेत. याच कॉस्मासने भारताच्या किनाऱ्यावरील व्यापाराचीही माहिती दिली आहे. त्यात ‘कल्लियाना’ या बंदराचे नाव येते. अभ्यासक ते आपले कल्याण मानतात. तिथून धातू, लाकूड आणि कापड परदेशी जाते, तिथे ख्रिस्ती लोक आहेत आणि इराणहून दीक्षा घेऊन आलेला बिशप आहे, असे तो नोंदवतो. म्हणजे ज्याने विश्वाची पेटी केली, त्याला कल्याणच्या कारागिरांचा माल ठाऊक होता. त्यांच्या डोक्यातले विश्व मात्र कोणी विचारले नाही.

त्याच अलेक्झांड्रियात त्याच काळी योहान फिलोपोनस नावाचा दुसरा ख्रिस्ती विद्वान होता. पृथ्वी गोल आहे, असे तो मानत होता. धर्मग्रंथातून भूगोल काढायचा नसतो, हे त्या धर्मातल्या जाणत्यांनाही दीड हजार वर्षांपूर्वी कळले होते. म्हणून ‘सगळे ख्रिस्ती पृथ्वीला सपाट मानत’ असे म्हणणे हेसुद्धा अज्ञानच ठरेल. आणि आपल्याकडे? चाळीसगावजवळच्या पाटण परिसराशी ज्यांचे घराणे जोडलेले आहे, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांत शिरोमणी’त पृथ्वी गोल आणि निराधार असल्याचे तर्काने सांगितले. पृथ्वीला शेषाने धरले असेल तर शेषाला कोणी धरले, असा प्रश्न त्यांच्या युक्तिवादात आहे. पण हे ज्ञान संस्कृतात बंद राहिले. गावातल्या सुताराला, लोहाराला, येसकराला पृथ्वी गोल आहे हे सातशे वर्षे कोणी सांगितले नाही. सत्य कोठडीत ठेवायचे आणि लोकांना शेषाची गोष्ट सांगायची, ही ब्राह्मणी व्यवस्थेची चलाखी कॉस्मासच्या भाबडेपणापेक्षा किती तरी घातक होती.

गोव्याकडे वळले की हाताचा आणि मालकीचा हा सवाल आणखी ठळक होतो. पोर्तुगीज अमलात तिथे मोठमोठी देवळे उभी राहिली. सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी वेदी, हस्तिदंती मूर्ती, कोरीव प्रवचनपीठे. काही प्रवचनपीठांना खालून आधार देणाऱ्या आकृती पाहिल्या तर त्यांत आपल्याकडच्या नागकन्यांची वळणे दिसतात. ती कोरणारे हात स्थानिक होते. १५६७ च्या गोव्यातील पहिल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती मूर्तींचे काम ख्रिस्तीतर कारागिरांना देण्यास मनाई केली. मनाई करावी लागली, याचाच अर्थ कामे त्यांच्याकडून होत होती! फ्रान्सिस झेवियर यांच्या देहावशेषांसाठी १६३६-३७ मध्ये घडवलेली चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांच्या हातची आहे. पेटीसमोर आजही लाखो लोक माथा टेकतात. ती ठोकणाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक असते?

याच गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. जवळपास अकरा हजार ओव्या. आदामाच्या उत्पत्तीपासून सुरुवात असलेले हे पुराण १६१६ मध्ये छापले गेले, पण रोमन लिपीत. कारण देवनागरी खिळे पाडण्याची सोय झाली नाही. मराठीतले पहिले ख्रिस्ती विश्वचित्र मराठी लिपीत उतरू शकले नाही, ते केवळ खिळे ओतणाऱ्या कारागिराअभावी. पंडित, पाद्री कितीही मोठा असो, कारागिराशिवाय त्याचा देव मुका राहतो!

ते खिळे पुढे ज्या हातांत आले, ती गोष्ट चळवळीच्या प्रत्येक माणसाने वाचावी अशी आहे. पुणे जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे राहिले. ब्राह्मण घरात जन्मलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पुण्याच्या सनातन्यांनी त्यांच्यावर चिखलफेक केली. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते जोतीराव फुले. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी भुकेने मरायला टेकलेल्या मुली आणि विधवा गोळा केल्या. मुक्तीतल्या बायकांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. तिथे जातीचे काम नव्हते, कामाचे शिक्षण होते. विणकाम, तेलघाणी, शेती, शिवणकाम आणि छापखाना.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मराठीत आणायला बसल्या. पंडिती मराठी नको, खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह होता. हे काम त्यांनी एक तपाहून अधिक काळ केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्यापूर्वी भाषांतर हातावेगळे झाले होते. १९२४ मध्ये ते ग्रंथरूपात आले. खिळे जुळवणाऱ्या बायका, छापणाऱ्या बायका, पाने दुमडून शिवणाऱ्या बायका! ज्यांना अक्षर शिकणे पाप होते, ज्यांचे केस भादरून कोपऱ्यात बसवले होते, ज्यांना उपाशी रस्त्यावर टाकून दिले होते, त्या बायकांच्या बोटांनी उत्पत्तीचा पहिला अध्याय शिशाच्या खिळ्यांत एकेक अक्षर करून मांडला. जुळारी खिळे उलटे वाचतो, म्हणजे छापल्यावर ते सुलटे उमटतात. या देशातल्या बाईचे आणि अस्पृश्याचे नशीबच उलटे जुळवलेले होते. या बायकांनी ते निदान कागदावर सुलटे करून दाखवले.

त्या बायका सहा दिवसांच्या सृष्टीवर विश्वास ठेवत होत्या का? ठेवत असतील. पण मला त्या विश्वासापेक्षा त्यांच्या बोटांवरचा शिशाचा काळा डाग मोठा वाटतो. त्यांनी विश्वाची गोष्ट नुसती ऐकली नाही, ती स्वतःच्या हातांनी छापली. गोष्टीवर थोडी तरी मालकी मिळवली. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचेही असेच. १८३१ पासून तिथे काम सुरू झाले. आपल्या समाजातली अनेक कुटुंबे तिथे ख्रिस्ती झाली. औद्योगिक शाळांतून सुतारकाम, विणकाम, गालिचे शिकवले गेले. येसकराची काठी टाकून हातात रंधा घेणे, हे केवढे स्थित्यंतर होते, ते ज्याच्या बापजाद्यांनी काठी धरली त्यालाच कळेल.

पण म्हणून चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. चर्चमध्ये एकाच निर्मात्याची लेकरे म्हणून बसलेल्या माणसांनी जात बाहेर ठेवली का? नाही. दक्षिणेत चर्चमध्ये वेगळ्या बैठका आणि वेगळी स्मशाने राहिली. आपल्याकडेही महारातून आणि मांगातून आलेल्या ख्रिस्ती घरांत रोटी-बेटीचा आडपडदा राहिला. हे आपले पाप आहे, मिशनऱ्यांच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाजाच्या स्थितीवर सविस्तर लिहिले आहे. मिशनऱ्यांच्या सेवेचे मोल त्यांनी मान्य केले. पण धर्म बदलूनही जात तशीच ठेवणाऱ्या आणि समाजाच्या लढ्यापासून अलिप्त राहणाऱ्या वृत्तीवर त्यांनी कठोर बोट ठेवले. बाबासाहेबांचा मुद्दा स्पष्ट होता. आभाळाखाली सगळे समान, एवढे सांगून भागत नाही. पाणवठ्यावर, जेवणाच्या पंगतीत आणि सरकार-दरबारी समान पाहिजेत.

आणि सरकार-दरबारी काय आहे? केज विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि दीर्घ लढ्यानंतर १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्या आपल्या भावांना तो दर्जा मिळाला नाही. म्हणजे एका आजोबाच्या दोन नातवांपैकी बौद्ध नातू केजमधून उमेदवारी भरू शकतो, ख्रिस्ती नातू भरू शकत नाही. गावाच्या लेखी दोघांची जात एकच, कायद्याच्या लेखी एकाची जात आभाळाबरोबर बदललेली! या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. या प्रश्नावर आपल्यात दोन मते आहेत, हे मला माहीत आहे. पण निदान एवढे मान्य करू की जातीचे चटके विश्वाच्या कल्पनेवरून ठरत नाहीत, वस्तीच्या जागेवरून ठरतात.

आता आजच्या जगाकडे पाहा. अमेरिकेत केंटकी राज्यात २०१६ मध्ये नोहाच्या तारवाची ५१० फूट लांबीची लाकडी प्रतिकृती लोकांसाठी खुली झाली. अमिश पंथाच्या कुशल सुतारांनी तिचे लाकूडकाम केले. त्या सुतारांच्या हाताला दाद दिलीच पाहिजे. पण ही वास्तू उभारणाऱ्यांना सिद्ध काय करायचे आहे? की पृथ्वी अवघी सहा हजार वर्षांची आहे आणि उत्क्रांती खोटी आहे. तिथेच दक्षिण डाकोटात १८९३ मध्ये ऑर्लँडो फर्ग्युसन नावाच्या माणसाने चौकोनी, स्थिर पृथ्वीचा सुबक नकाशा काढून छापला होता. चार कोपऱ्यांवर चार देवदूत, कारण बायबलात पृथ्वीच्या चार कोपऱ्यांचा उल्लेख आहे. नकाशा देखणा आहे. पण देखणेपणा हा पुरावा नसतो. लाकूड भक्कम असले म्हणून गोष्ट भक्कम होत नाही! कारागिरीचा उपयोग श्रद्धा व्यक्त करायला करणे वेगळे, आणि कारागिरीच्या जोरावर श्रद्धेला भूगोल म्हणून शाळेत घुसवणे वेगळे. आपल्या देशातही पुराणातल्या विमानांच्या आणि प्रत्यारोपणाच्या गोष्टी विज्ञान म्हणून सांगणारे कमी नाहीत. म्हणून अमेरिकेतल्या तारवाला हसणाऱ्याने आधी आपले अंगण झाडावे.

मग आपली वाट कोणती? तथागत भगवान बुद्धांना मालुंक्यपुत्त या भिक्खूने विचारले : जग शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही? भगवंतांनी त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. बाण कोणी मारला, धनुष्य कोणत्या लाकडाचे, दोरी कशाची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असे म्हणणारा मरून जाईल. आधी बाण काढा! फुल्यांनी ब्रह्मा हटवून निर्मिक मांडला. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला जी दीक्षा दिली, तिच्यात निर्मात्याचीही गरज उरली नाही. माणसाच्या दुःखाचे कारण माणसाच्या व्यवस्थेत आहे आणि ते दूर करणारे हातही माणसाचेच आहेत.

याचा अर्थ बौद्ध कारागिरांनी विश्वाचे चित्र काढले नाही असा नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात भवचक्राचे चित्र आहे. मेरू पर्वताची कल्पना बौद्ध परंपरेतही आली. ती भूगोल म्हणून आज आपण मानत नाही आणि मानूही नये. वेरूळचे दहावे लेणे तर या विषयाचा शिलालेखच म्हणावा लागेल. दगडात कोरलेल्या त्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत. ते पाहून लोकांनी त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हटले, ‘विश्वकर्मा’ म्हटले. सुतार मंडळी तिथे येऊन बुद्धाला विश्वकर्मा समजून वंदन करीत. धम्म विसरला गेला, बुद्धाचे नाव पुसले गेले, पण हातोडी-छिन्नी धरणाऱ्याने त्या मूर्तीत आपलाच माणूस ओळखला. मालकांनी नाव बदलले तरी हातांची ओळख हातांना पटली!

म्हणून केजच्या आणि सगळ्या बीड जिल्ह्याच्या तरुणांना माझे सांगणे आहे. आपल्या तालुक्यातले हजारो हात दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ज्या हातांत एकेकाळी माग, रंधा, रापी आणि खिळे होते, त्यांच्याकडून कारागिरी काढून घेतली गेली आणि ओझे तेवढे ठेवले गेले. जातीच्या चौकटीतला धंदा परत नको, तो कधीच नको. पण हाताचे कसब परत मिळवले पाहिजे, ते शिक्षणाच्या जोडीने. वैशाख पौर्णिमेचा कंदील पोरांना हातांनी करू द्या. त्याच पोरांना शाळेत कागदाच्या लगद्याचा पृथ्वीगोल करू द्या, चंद्राच्या कला दाखवणारी पेटी करू द्या, नळीत भिंगे बसवून दुर्बीण करू द्या. आणि शेजारच्या ख्रिस्ती भावाच्या दारातली चांदणी मोडकी असेल तर तिला खळ लावायला जा. त्याच्या श्रद्धेशी वाद जरूर घाला, पण त्याच्या हाताचा अपमान करू नका. त्याच्या आजीने आणि आपल्या आजीने गावकुसाबाहेरचे एकच आभाळ पाहिले होते.

हातांना सलाम करायचा आणि चित्राला प्रश्न विचारायचा, हीच फुले-आंबेडकरांची शिकवण आहे. आभाळ ठोकून केलेले नाही, हे आता चौथीच्या पोरालाही ठाऊक आहे. गावकूस मात्र माणसांनी बांधलेले होते, आणि जे माणसांनी बांधले ते माणसांना पाडता येते.

जय भीम!